डिझेल मुरलेली माती साफ करणारी सेवा: शेजारच्या विहीरमालकिणीचं परीक्षण

या सेवेचं बिल मी भरलेलं नाही. ते आमच्या शेताला लागून असलेल्या ट्रान्सपोर्ट यार्डाच्या मालकाने भरलं आणि अजून भरतो आहे. पण ती माती ज्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहे ती विहीर आमची, म्हणून परीक्षण मी लिहितेय. कंपनी पुण्याची. नाव देत नाही, कारण यार्ड आणि कंपनी यांच्या करारात गोपनीयतेची अट आहे आणि अहवालांच्या प्रती मला मिळतात त्या ती अट मान्य केल्यामुळेच. पण काम कसं झालं ते सांगायला काही अडचण नाही. कुणाच्या विहिरीला असा वास यायला लागला असेल तर त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

आम्ही सिन्नर तालुक्यातले, नाशिक-पुणे महामार्गाच्या पट्ट्यातले. कांदा, थोडे टोमॅटो, बांधावर शेवगा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर शेताचा हिशोब माझ्याकडे आला. पर्जन्यछायेतला तालुका, त्यामुळे आमची 45 फुटांची विहीर म्हणजे घरातलं कर्तं माणूस. यार्डात ट्रकांसाठी जमिनीत पुरलेली डिझेलची जुनी लोखंडी टाकी होती. तिचा तळ गंजून चाळण झाला होता आणि किती डिझेल मुरलं याची नोंद कुणाकडेच नव्हती. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं तसा आधी वास आला, मग मोटर सुरू केली की पाण्यावर रंगीत तवंग दिसू लागला.

या कंपनीच्या आधी दोन गोष्टी घडल्या, त्या सांगितल्याशिवाय हिची किंमत कळणार नाही.

पहिली म्हणजे पाण्याची साधी तपासणी. ती आम्हीच करून घेतली होती. अहवालात टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, सगळं मर्यादेत. शेरा काय, तर पाणी पिण्यायोग्य! त्या तपासणीत डिझेल शोधलेलंच नव्हतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) खनिज तेलाची मर्यादा आहे, लिटरला 0.5 मिलिग्रॅम, पण ती तपासणी वेगळी सांगावी लागते. एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन म्हणजे टीपीएच, आणि त्यासोबत बेंझीन, टोल्युईन वगैरे, असं नाव घेऊन मागितलं तरच होते. तुमच्या पाण्याला रॉकेल-डिझेलचा वास येत असेल तर साध्या तपासणीच्या अहवालावर अजिबात विसंबू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे यार्डाने आधी आणलेली एजन्सी. त्यांनी ऐन भाद्रपदात, विहीर तुडुंब असताना, यार्डातल्या खोल बोअरमधून नमुना घेतला, तेल सापडलं नाही असं लिहून दिलं आणि वर काळी माती उचलून एका बंद पडलेल्या दगडखाणीत टाकून देण्याची तयारी दाखवली. म्हणजे आमचं दुखणं उचलून दुसऱ्या गावाच्या पाण्यावर टाकायचं. त्याला मी, माझे दीर आणि खालच्या अंगाच्या तीन शेतकऱ्यांनी ग्रामपंचायतीत उभं राहून विरोध केला. प्रकरण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेलं आणि मग ही पुण्याची कंपनी आली.

पहिल्या भेटीत त्यांनी जेसीबी आणला नाही, याचंच मला बरं वाटलं. त्यांच्या भूजलतज्ज्ञ मॅडम, वयाने माझ्या मुलीएवढ्या, यार्डात जाण्याआधी आमच्या विहिरीच्या काठावर येऊन बसल्या आणि वाकून विहिरीचे थर बघत राहिल्या. वर दोन-अडीच हात माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (सच्छिद्र मऊ खडक), त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण. पाझर कुठल्या अंगाने येतो, उन्हाळ्यात कुठला आधी आटतो, मोटर किती तास चालते, सगळं विचारून लिहून घेतलं. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग असाच बेसाल्टवर, म्हणजे या काळ्या पाषाणावर, बसलेला आहे. वाळूच्या जमिनीत दूषित पाणी कुठल्या दिशेला सरकेल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे ते भेगेतून वाट काढतं, त्यामुळे पन्नास फुटांवरची एक विहीर स्वच्छ आणि दोनशे फुटांवरची खराब असं होऊ शकतं. हे त्यांनी समजावून सांगितलं, आणि माझे दीर म्हणाले, "मॅडम, हे तर आम्ही बोअर मारताना दरवेळी भोगतो."

मग त्यांनी भाद्रपदातल्या नमुन्याचं कोडं सोडवलं. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते भूजलाच्या वर तरंगतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेलही खाली उतरतं आणि वाटेतला मुरूम माखत जातं. पावसाळ्यात पाणी चढलं की ते माखलेलं तेल पाण्याखाली अडकून बसतं, वर तवंग दिसत नाही आणि सगळं स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. वैशाखात पुन्हा तेच. शिवाय खोल बोअरला वरून केसिंग, म्हणजे बंद पाइप, असतं. आत येणारं पाणी दीडशे-दोनशे फुटांवरचं, तर तेल चाळीस फुटांवर. त्या नमुन्यात ते सापडणार कसं? म्हणून यांनी करारातच घालून घेतलं की दरवर्षी नमुने दोनदा घ्यायचे, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात, आणि साफ झालं की नाही हे मे महिन्याच्या आकड्यावर ठरवायचं. या एका अटीसाठी मी त्यांना सगळ्यात जास्त गुण देते. पावसाळ्यात पास होणं सोपं असतं.

निरीक्षणासाठी त्यांनी यार्डात आणि आमच्या बांधावर उथळ बोअर घेतले. या बोअरना पाण्याची पातळी जिथे वर-खाली होते त्या पट्ट्यात चिरा पाडलेला पीव्हीसी पाइप, भोवती बारीक खडी, वरच्या तोंडाला बेंटोनाइट या पाण्यात फुगणाऱ्या मातीचं बूच आणि त्यावर कुलूपबंद झाकण असतं. वरचं घाण पाणी पाइपच्या कडेने आत उतरू नये म्हणून ते बूच. यार्डात वापरात नसलेला एक जुना खोल बोअर होता, झाकण म्हणून त्यावर फरशी. मॅडमनी तो सिमेंट आणि बेंटोनाइट घालून तळापासून बुजवायला लावला. वरच्या थरातलं तेल आणि खालच्या थरातलं पाणी यांच्यामध्ये तो बोअर म्हणजे उघडी वाट होती. मालक कुरकुरला, पण बुजवला. आपल्या शिवारात असे बेवारस बोअर किती आहेत याचा विचार करून मला त्या रात्री झोप आली नाही.

नमुना घेण्याचं काम मी जवळून बघितलं, कारण त्यात हलगर्जीपणा झाला तर पुढचं सगळं फुकट. त्यांचा तंत्रज्ञ मुलगा आधी बोअरमध्ये मोजपट्टीसारखी एक पट्टी सोडायचा, टोकाला जाडसर धातूचा शेंडा. तेल लागलं की यंत्र सलग एकसुरी वाजतं, त्याखाली पाणी लागलं की तुटक टिकटिक सुरू होते; दोन्हींतलं अंतर म्हणजे तेलाच्या थराची जाडी. पहिल्या उन्हाळ्यात यार्डातल्या बोअरमध्ये तो एकसुरी आवाज बराच लांबला होता. बोअरमध्ये दिसते तेवढी जाडी जमिनीत नसते, बोअर मोकळा असल्याने तेल त्यात जास्त साठतं, हेही त्याने आपणहून सांगितलं. घाबरवून काम वाढवायचं असतं तर गप्प बसता आलं असतं.

मग पाण्याचा नमुना. प्लॅस्टिकची बाटली नाही, काच. बेंझीनसारख्या उडून जाणाऱ्या पदार्थांसाठी बोटाएवढ्या, 40 मिलिलिटरच्या कुप्या. पाणी बारीक धारेने, बुडबुडे न आणता, काठोकाठ भरायचं, इतकं की तोंडावर पाण्याचा फुगवटा उभा राहील. मग झाकण फिरवायचं, कुपी उलटी करायची आणि बोटाने टिचकी मारून बघायचं. एक जरी हवेचा बुडबुडा वर आला तर ती कुपी बाद, कारण पाण्यातले ते पदार्थ वाफ होऊन त्या हवेत निघून जातात आणि आकडा खोटा कमी येतो. त्या मुलाने माझ्यासमोर एक कुपी बाद केली, पुन्हा भरली, बर्फाच्या पेटीत ठेवली आणि वहीत वेळ लिहिली. "बाई, बघा, आता नाही बुडबुडा," म्हणाला. जागतिक आरोग्य संघटनेची बेंझीनची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. एवढं सूक्ष्म मोजायचं तर हात असेच हवेत.

प्रत्यक्ष साफसफाईचं काम तीन वाटांनी झालं. टाकी रिकामी करून, आतली वाफ काढून, मग बाहेर काढली. तिच्या तळाजवळचा काळा चिकट गाळ आणि ठिबकणारा मुरूम वेगळा भरून रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात गेला. 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे अशा प्रत्येक गाडीसोबत मॅनिफेस्ट लागतं, म्हणजे माल कुणी दिला, कुणी वाहिला, कुणी घेतला याचा कागद. मी त्या कागदांच्या छायाप्रती मागितल्या आणि मिळाल्या. तुमच्या शेजारी असं काम चालू असेल तर हेच मागा. माती "नेली" यावर समाधान मानू नका, ती कुठे उतरली ते विचारा.

कमी माखलेली माती यार्डातच ठेवली. खाली एचडीपीई प्लॅस्टिकचा जाड कागद, त्यावर मातीचा लांबट ढीग, ढिगाच्या पोटातून भोकं पाडलेले पाइप, त्यांना ब्लोअर, वरून ताडपत्री. डिझेल खाणारे जिवाणू मातीत आधीपासूनच असतात. त्यांना हवा, ओल आणि खत कमी पडतं. खत म्हणजे आपलं युरिया आणि डीएपीच. ढोबळ प्रमाण कार्बन 100 भाग तर नत्र 10 आणि स्फुरद 1. बाहेरून जिवाणू आणून टाकण्याचीही पद्धत आहे. 2010 साली मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजा-3 या जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तेव्हा टेरी या संस्थेने विकसित केलेलं ऑइलझॅपर हे जिवाणूंचं मिश्रण किनारा साफ करायला वापरलं होतं. आमच्याकडे आधी मातीची चाचणी करून बघितली, इथलेच जिवाणू पुरेसे निघाले, म्हणून विकतचे घेतले नाहीत. गरज नसलेला माल गळ्यात मारला नाही, हा गुण छोटा नाही.

मी विचारलं, की एवढा युरिया ढिगात घालताय, तो नायट्रेट होऊन आमच्याच पाण्यात उतरला तर? मॅडमनी हसून उडवून लावलं नाही. खताचा हिशोब दाखवला, हप्त्याहप्त्याने घालणार हे सांगितलं आणि आमच्या बांधावरच्या बोअरच्या तपासणीत नायट्रेटची भर घातली. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. आतापर्यंतचे आकडे तिच्या आत आहेत.

तिसरी वाट पाण्याची. यार्डातल्या बोअरमधून तरंगतं तेल वेगळं उपसायचं, पाणी तेल वेगळं करणाऱ्या विभाजक टाकीतून न्यायचं आणि मग कोळशाच्या, म्हणजे सक्रिय कार्बनच्या, एकामागे एक जोडलेल्या दोन पिंपांतून सोडायचं. तपासणीचा नळ शेवटी तर आहेच, पण दोन पिंपांच्या मध्येही आहे. पहिल्या पिंपातून तेल पार व्हायला लागलं की मधल्या नळावर कळतं, तेव्हा दुसरं पिंप अजून शाबूत असतं. अशी व्यवस्था बघितली की शिक्षिकेचा जीव सुखावतो. याच काळात त्यांनी आम्हाला विहिरीची मोटर बंद ठेवायला सांगितली, कारण आपण उपसा केला की भोवतीचं पाणी विहिरीकडे धावतं आणि तेलालाही ओढून आणतं. मोटर बंद म्हणजे पीक बंद. पण त्याची भरपाई आणि घरच्या पाण्याचा टँकर यार्डाच्या खर्चाने, हे कंपनीने कामाच्या आराखड्यातच लिहिलं होतं. नाहीतर मी मोटर बंद ठेवली नसती, हे स्पष्ट सांगते.

आता तक्रारी. जूनच्या पहिल्या वादळी पावसात ढिगाच्या कडेचा बांध अपुरा पडला आणि ढिगातून निथळलेलं पाणी आमच्या बांधापर्यंत वाहत आलं. दुसऱ्या दिवशी माणसं आली, बांध उंच केला, साचलेलं पाणी उपसलं, नमुना घेतला, सगळं केलं. पण रोहिणी-मृगाचा पाऊस कसा येतो हे सिन्नरकराला विचारलं असतं तर ही वेळच आली नसती. ब्लोअर रात्रभर घरघरतो. खोलीत बसवून घ्यायला मला बरेच फोन करावे लागले. आणि सगळे अहवाल इंग्रजीत. मी वाचून घेते, पण खालच्या अंगाच्या ज्या शेतकऱ्यांच्या विहिरी उद्या खराब होऊ शकतात त्यांनी काय करायचं? एक पानाचा मराठी गोषवारा द्या म्हणून मागणी केली. तो आला, पण उशिरा, आणि त्यात मेच्या नमुन्याचा तक्ता नव्हता. तो मी हाताने लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला.

काम अर्ध्यावर असताना, 24 जुलै 2025 ला, दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्र सरकारचे नियम निघाले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, प्रदूषण मंडळाने मुदतीत तपासणी करायची आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून साफसफाईचा खर्च घ्यायचा, असं त्यात आहे. त्या वेळी देशात अशा 103 जागा ओळखलेल्या होत्या आणि काम सुरू झालं होतं फक्त सात ठिकाणी. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातला 337 टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, 2025 मध्ये, पीथमपूरला नेऊन जाळला. आवारातली माती आणि खालचं पाणी अजून तसंच आहे. तिथल्या बायकांनी इतकी वर्षं काय सोसलं असेल, हे आता मला माझ्या एका विहिरीवरून थोडं तरी कळतं. त्यांच्यापुढे आमची टाकी किरकोळच, पण लहान असतानाच हाताळली म्हणून ती आटोक्यात येते आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो बांधाचा आणि मराठीचा मिळून. अशी कंपनी आणायची असेल तर सही होण्याआधी शेजाऱ्यांनी करारात या अटी घालून घ्याव्यात: नमुना मे महिन्यात, निरीक्षण बोअर शेजाऱ्याच्या हद्दीतही, मॅनिफेस्टच्या प्रती, अहवाल शेजाऱ्यालाही आणि मराठीत, आणि तेल सापडेनासं झाल्यावरही किमान दोन उन्हाळे तपासणी चालू.

सध्याची स्थिती अशी. यार्डातल्या बोअरमध्ये मागच्या मे महिन्यात तरंगतं तेल मोजण्याइतकं उरलं नव्हतं, पण पाण्यात टीपीएच अजून निघतं. आमच्या बांधावरच्या बोअरमध्ये आकडा उतरतो आहे, विहिरीचा वास गेला आहे. तरी पिण्यासाठी पाणी टँकरचंच; विहिरीचं पाणी मॅडमच्या सल्ल्याने फक्त शेवग्याला, तेही थोडा वेळ मोटर चालवून. कांदा यंदाही लावला नाही. पुढचा नमुना या मे महिन्यात आहे, त्याचा अहवाल आला की आकड्यांसह या परीक्षणात भर घालेन.